कळपाच्या पुढची कुसाबाई

आमच्या गल्लीत संक्रांतीच्या आधी एक बातमी फिरत होती. कुसाबाईला ओझरला नात झाली, नातू झाला नाही, म्हणून दोन महिने उलटले तरी ही बाई पोरीचं तोंड बघायला गेलेली नाही. बातमी मी उठवलेली नाही, हे आधीच सांगून ठेवते. मला ती नवसाबाईनं भाजीच्या गाडीवर सांगितली आणि मी ती फक्त चार घरी पोचवली. चौथ्या घरापर्यंत जाताजाता तिच्यात 'जावयाचा फोन आला की कुसाबाई कट करते' एवढं एक वाक्य वाढलं. तेवढं माझं.

मग खात्री करून घ्यावी म्हणून मी तिच्या दारात गेले. जाताना वाटीभर विरजण मागायचं निमित्त नेलं. बघते तर कुसाबाई उंबऱ्यात बसून गोधडीला टाके घालतेय आणि समोर पाण्याच्या हंड्याला टेकून मोबाईल उभा केलाय. मोबाईलमध्ये पाळणा. पाळण्यात एक मूठभर पोर, टोपडं घातलेलं, गाढ झोपलेलं.

मी म्हटलं, "काय हो कुसाबाई, मुलगी काय नि मुलगा काय..."

"हळू बोल," ती म्हणाली. "झोपलीय."

तिची लेक स्नेहल रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावायची, फोन पाळण्यासमोर ठेवायची आणि आपल्या कामाला निघून जायची. इकडे आजी तासभर बसायची, एक शब्द न बोलता. पोरगी हलली की हिची सुई थांबायची. माझ्या चार घरांच्या मेहनतीवर असं पाणी पडलं. जावयाचं म्हणाल तर रविराज बिचारा इतका सरळ माणूस, की ओझरच्या विमानाच्या कारखान्यात फिटर आहे आणि तरी आजवर एकदाही त्यानं आम्हाला विमानाबद्दल थाप मारलेली नाही.

"मग जात का नाही तुम्ही? दीड-दोन तासांचा तर रस्ता."

कुसाबाईनं सुईनंच घरामागच्या मेंढरांच्या वाडग्याकडे दाखवलं. काट्यांचं कुंपण, त्याला पत्र्याचं फाटक, आणि फाटकाच्या फटीतून आमच्याकडे बघणारी सव्वीस तोंडं.

"ह्यांना कोन नेईल?"

ही गोष्ट नीट कळायला हवी तर चार वर्षं मागं जावं लागेल. कुसाबाईचं माहेर सिन्नरच्या बाजूचं, पिढीजात मेंढरांचं. लग्न होऊन सातपूरला आली तेव्हा गावठाणाच्या पलीकडे सगळं मोकळं रान होतं. नवरा धोंडीराम एका कारखान्यात प्रेस मशीनवर, तीन शिफ्टमध्ये. तो घण घण घण ऐकत राहिला आणि हिनं माहेरून आणलेल्या तीन मेंढ्यांच्या तीस केल्या. कारखान्यानं शेवटी त्याला एक घड्याळ दिलं आणि दोन्ही कान ठेवून घेतले. पेन्शन नावापुरती. घर चाललं ते मेंढरांवर. म्हणून 'विकून टाका की' असा शहाणपणा तिला कुणी शिकवत नाही. मी एकदा शिकवला होता, तेव्हा तिनं मला विचारलं, "तुझा गॅस विकतेस का?"

आता मेंढी हे जनावर कसं, तर आमच्या नवसाबाईसारखं. स्वतःहून पुढं जाणार नाही, पण पुढं कुणी निघालं की मागं राहणार नाही. एक थांबली की सगळ्या थांबतात, एक बिचकली की सगळ्या बिचकतात, आणि पहिलीनं वाटेतल्या काठीवरून उडी मारली की काठी काढून घेतली तरी शेवटचीसुद्धा त्याच जागेवर उडी मारूनच जाते. म्हणून मेंढरं राखणारे लोक कळपात एखादी शेळी ठेवतात. शेळीला स्वतःची अक्कल असते. ती पुढं चालते, तिच्या मागं मेंढरं, आणि सगळ्यात मागं काठी घेऊन माणूस. माणसानं मागंच चालायचं. कुसाबाईच्या बापानं तिला हे सांगितलं होतं, बापाला त्याच्या बापानं.

कुसाबाईची शेळी होती चंद्री. काळी, कपाळावर पांढरा ठिपका, चालायची अशी की जणू नगरसेविका. रस्ता ओलांडताना चौकात उभी राहून दोन्हीकडे बघायची. चार वर्षांपूर्वी ती मेली. पोट फुगलं म्हणून डॉक्टर आणला, तर पोटात प्लास्टिकच्या पिशव्यांचा गठ्ठा. मोकळ्या रानाची जागा कारखान्यांच्या आणि बिल्डिंगच्या भिंतींनी घेतली की जनावर उकिरड्यावरच चरणार.

दुसऱ्या दिवशी फाटक उघडलं तर मेंढरं जागची हलेनात. उपाशी कळप, बाहेर सकाळ झालेली, आणि सगळ्या एकमेकींच्या बुडाला तोंड लावून उभ्या. मागून हाकलं की गोल फिरायच्या. दोन तास झाल्यावर कुसाबाई वैतागून त्यांच्या पुढं गेली, तोंडानं 'हुर्र हुर्र' केलं आणि चालू लागली. मेंढरं निघाली.

"म्हनलं, आजच्यापुरतं," तिनं मला सांगितलं. "दुसरी शेळी आनंपर्यंत."

तिथंच फसली. दहा-बारा दिवसांत मेंढरांनी पक्कं ठरवून टाकलं, की आपली पुढारी ही. मग दुसरी शेळी आणली, तिच्याकडे त्यांनी ढुंकून बघितलं नाही, शेवटी ती विकून टाकली. तेव्हापासून चार वर्षं कुसाबाई सकाळी कळपाच्या पुढं निघते, कालव्याच्या कडेनं जाते, संध्याकाळी कळपाच्या पुढं परत येते. ताप आला तरी, पाय मुरगळला तरी. आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायका वणीला जाऊन आल्या, ती नाही. हळदीकुंकवाला बोलावलं तर सव्वीस जणींना घेऊन येते का, म्हणून मी चेष्टा करायचे. ती हसायची. एकदा हसली नाही, तेव्हापासून मी ती चेष्टा बंद केली.

आणि एक दिवस मेंढरांना आत चारा टाकून जाता येत नाही का, असं तुम्ही विचाराल. एकदा तेही केलं होतं. दोन वर्षांपूर्वी तिचा भाऊ वारला. माती द्यायला जायलाच हवं होतं. वाडग्यात हिरवा चारा टाकला, पाणी भरलं, धोंडीरामला फाटकाशी बसवलं आणि ती सिन्नरला गेली. दुपारी पलीकडच्या गल्लीत वरात निघाली, फटाक्यांची माळ लागली. एक मेंढी कोपऱ्यात दडपली, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी. कळपाला भीती वाटली की तो असाच एकमेकांच्या अंगात शिरतो. धोंडीराम ओढून ओढून काढत होता, एक काढली की दोन चढत होत्या. खाली तीन कोकरं सापडली, चपटी झालेली. कुसाबाई आली ती भावाचं रडू तसंच ठेवून कोकरं पुरायला गेली. त्या दिवसानंतर तिनं रात्र सोडा, दुपारसुद्धा कळपाला सोडून काढलेली नाही.

तर अशी सगळी अडचण. स्नेहलला सात वर्षांनी मूल झालं, तेही दिवस भरायच्या आधी. डॉक्टर म्हणाले, तीन महिने बाळाला धुळीत न्यायचं नाही. कुसाबाईचं घर म्हणजे एक खोली आणि तिला चिकटून वाडगं, तेव्हा बाळंतपणाला माहेरी येणं राहिलंच. बाळ इकडं येऊ शकत नाही, आजी तिकडं जाऊ शकत नाही. बारसं दोनदा पुढं ढकललं, आजीसाठी. तिसऱ्यांदा स्नेहलच्या सासूनं फोन केला. गोड बोलली, पण स्पष्ट बोलली. "विहीणबाई, संक्रांत झाल्यावरच्या रविवारी बारा वाजता नाव ठेवायचंय. तुम्ही आलात तर आनंद आहे. नाही आलात तर बाळंतविडा कुणाहाती पाठवा. पोरीला किती दिवस नुसतं 'बाळ बाळ' म्हणायचं?"

कुसाबाईनं फोन ठेवला आणि मला म्हणाली, "बाळंतविडा कुनाहाती पाठवू? मी काय मेलेय?"

हातात अठरा दिवस होते.

पहिला प्रयत्न धोंडीरामभाऊंनी केला. ते घोटीच्या बाजारात जाऊन नवी शेळी घेऊन आले. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, लय हुशार हाय. हुशार होतीच. पण ती कुणाच्या तरी गोठ्यात खुंट्याला बांधून वाढलेली, रस्ता तिनं बघितलेलाच नव्हता. पहिल्याच रिक्षाचा हॉर्न वाजला तशी ती कळपाच्या मधोमध घुसली आणि तिथंच तिला आवडलं. चार दिवसांत ती मान खाली घालून, पुढचीच्या शेपटीकडे बघत चालायला लागली. आणली होती पुढारी, झाली सत्ताविसावी मेंढी.

दुसरा प्रयत्न म्हणजे धोंडीरामभाऊ स्वतः. कुसाबाईला घरात कोंडलं, फाटक उघडलं आणि भाऊ रुबाबात 'हुर्र हुर्र' करत पुढं निघाले. त्यांना ऐकू येत नाही, हे आम्ही सगळेच विसरलो होतो. ते कालव्यापर्यंत गेले. वाटेत त्यांनी मेंढरांशी गप्पा मारल्या, एका मोटारसायकलवाल्याला 'जनावरं दिसत नाहीत का' म्हणून झापलं आणि कालव्यावर जाऊन वळून बघितलं तर मागं कुणीच नाही. मेंढरं फाटकातच उभी, घराच्या दाराकडे तोंड करून.

तिसरी कल्पना माझी. मी म्हटलं, "भाऊ, मेंढरं काय चेहरा बघत असतील का? लुगडं बघत असतील, वास घेत असतील. तुम्ही कुसाबाईंचं लुगडं नेसा."

कुसाबाईनं तोंडाला पदर लावला. धोंडीरामभाऊंना मला दोनदा ओरडून सांगावं लागलं, त्यामुळे अर्ध्या गल्लीला कळलं. ते म्हणाले, "वहिनी, मी युनियनचा माणूस होतो."

"मग त्या युनियनला सांगू नका."

ते उठून आत गेले. मला वाटलं, रागावले. पण थोड्या वेळानं आतून आवाज आला, "अगं ए, काष्टा कसा घालतात?"

पहिल्या दिवशी पहाटेच नेसवलं, कुणी बघू नये म्हणून. बघायला वीस जण होते. त्यांना कुणी सांगितलं ते मला माहीत नाही. धुवायला काढलेलं हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर, खाली मिशा. फाटक उघडलं. कळपात एक म्हातारी मेंढी आहे, तिला कुसाबाई थोरली म्हणते. थोरलीनं पुढं येऊन लुगड्याचा वास घेतला. मग मान वर करून मिशांकडे बघितलं. मग परत वास घेतला. भाऊंनी 'हुर्र' केलं आणि थोरलीनं पाऊल टाकलं. तिच्या मागं बाकीच्या, घोटीची शेळीसुद्धा.

रोज सकाळी तालीम झाली. पोरं 'धोंडाबाई, धोंडाबाई' करत मागं धावायची. भाऊंना ऐकू येत नव्हतं, ते एक बरं. आणि कुसाबाई घराच्या खिडकीतून बघायची, मेंढरं तिला सोडून चाललेली. चार वर्षांत पहिल्यांदा तिनं दुपारी भात गरम असताना खाल्ला. मला म्हणाली, "बाई, मला बसवंना. हात कुठं ठिवू तेच कळंना."

रविवार उजाडला. आठ वाजता कुसाबाई मागच्या बोळातून निघाली. डाळिंबी रंगाची साडी, डोक्याला तेल, हातात पिशवी. पिशवीत गोधडी, झबली, काजळाची डबी, चांदीचे वाळे. मेंढरांना चाहूल लागू नये म्हणून चपला हातात घेऊन बोळ ओलांडला. कोपऱ्यावर रिक्षात बसली आणि माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "येवढी नजर ठिव."

मी नजर ठेवली. पण भाजी घ्यायची होती, आणि नवसाबाई भेटली.

साडेआठला धोंडीरामभाऊ कळप घेऊन निघाले. कालव्याच्या रस्त्याला लागायच्या आधी गोदाकिरण रेसिडेन्सी नावाची सोसायटी आहे, सात मजली, खाली तळघरात पार्किंग. तिथं रस्ता अरुंद आहे आणि मागून पाण्याचा टँकर आला. टँकरवाला हॉर्न मारतोय, भाऊंना ऐकूच येत नाही. सोसायटीच्या वॉचमननं बघितलं, एक बाई मरणार आता. त्यानं धावत येऊन भाऊंचा दंड धरला, "मावशी, आत व्हा, आत व्हा!" आणि गेटच्या आत ओढलं. गेटच्या आत लगेच पार्किंगचा उतार. भाऊ उतारावर दोन पावलं गेले.

पुढारी गेला म्हटल्यावर कळप गेला. मागून टँकरचा हॉर्न, पुढं उतार. भाऊ थांबायला बघत होते, पण सव्वीस मेंढ्या, सहा कोकरं आणि एक शेळी माणसाला उतारावर थांबू देत नाहीत. उताराच्या तळाशी पाणी जायला एक चर आहे, त्याच्यावर लोखंडी गजांची जाळी. भाऊंचा काष्टा त्या जाळीत अडकला, लुगडं टरकन् फाटून तिथंच राहिलं आणि भाऊ पँट-बनियनवर आत जाऊन पडले. मेंढरांनी मागच्या रेट्यानं जाळीवरून उड्या मारल्या आणि सगळा कळप तळघरात.

मी पोचले तेव्हा सव्वानऊ झाले होते. तळघरात एका पांढऱ्या गाडीमागच्या कोपऱ्यात मेंढरांचा ढीग. बाहेर यायचं तर जाळी ओलांडायला हवी आणि गजांच्या फटीतून खाली अंधार दिसतो. मेंढरू तिथं पाय टाकत नाही. दोघांनी मिळून एकीला ओढत आणली, तर ती जाळीपाशी चारही पाय रोवून बसली आणि सुटल्याबरोबर कोपऱ्यात पळाली. भाऊ पुढं उभे राहून 'हुर्र हुर्र' करत होते. पण आता ते कुसाबाई नव्हते. ते नुसते धोंडीराम होते, आणि धोंडीरामच्या मागं ती जात नाहीत.

सोसायटीचे लोक गाड्या काढायला खाली आलेले. एक कुटुंब सापुताऱ्याला निघालेलं, एकाला स्टेशन गाठायचं. गाड्यांच्या वाटेत मेंढरं, मेंढरांच्या वाटेत जाळी. कुणीतरी गाडीत बसून हॉर्न वाजवला. तळघरात तो आवाज भिंतीभिंतींवर आपटला आणि ढीग आणखी घट्ट झाला. एक मेंढी दुसरीच्या पाठीवर चढली. दुसऱ्या कुणीतरी झाडू आपटला. तिसरी चढली. ट्रॅकपँट घातलेले सेक्रेटरी ओरडत होते, "हे काय चाललंय? कुणाची जनावरं ही? मालकीणबाईंना बोलवा!"

"तिला नका सांगू," धोंडीरामभाऊ म्हणाले. ते ढिगातून कोकरं ओढत होते. "वहिनी, पाया पडतो. तिला फोन करू नका."

अर्धा तास मी नाही केला. माझ्या आयुष्यात एवढा वेळ एवढी मोठी बातमी मी पोटात ठेवलेली नाही. पण मग ढिगाखालून कोकराचं ओरडणं येत होतं, ते थांबलं. मी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"कुसाबाई, कुठं पोचलात?"

"आडगाव नाका आला आत्ता. का गं?"

मी सांगितलं. फोनमधून एसटीची घरघर ऐकू येत होती, आणि तिला इकडून मेंढरांचं ओरडणं.

सेक्रेटरी माझ्या खांद्यावरून फोनमध्ये ओरडले, "ओ बाई, ताबडतोब परत या! तुमच्याशिवाय ही हलत नाहीत म्हणतात!"

मीही म्हटलं. खोटं कशाला सांगू, मीसुद्धा म्हटलं, "या कुसाबाई. नाहीतर मागच्यासारखं होईल."

तिकडे बेल वाजली, एसटी थांबली. कंडक्टरचा आवाज आला, "आडगाव नाका! मावशी, उतरायचंय का? उभ्या का राहिलात? उतरायचं तर उतरा, मागं माणसं खोळंबलीत."

इकडे वीस माणसं फोनकडे बघतायत. तिकडे कंडक्टर परत म्हणाला, "मावशी?"

मग दोनदा बेल वाजली. एसटी निघाली. आणि कुसाबाईचा आवाज आला, "आधी त्या गाड्या बंद करायला सांग. एक हॉर्न नको."

गाड्या बंद झाल्या.

"खालचे दिवे बंद करा. वरून उजेड येतो तेवढा असू द्या. मेंढरू अंधारातनं उजेडाकडं जातं. आन् सगळ्यांना भिंतीला उभं कर. मागनं कुनी हाकायचं नाय."

मी म्हटलं, "तुम्ही नुसती हाक द्या ना फोनवर. तुमच्या आवाजाला येतील."

"नाय देनार. माझी हाक ऐकतील, मी दिसनार नाय, आनखी दडपतील." मग म्हणाली, "ह्यांच्या कानाला लाव."

भाऊंच्या कानाला लावून उपयोग नव्हता, म्हणून ती बोलेल ते मी त्यांच्या तोंडासमोर ओरडत होते. थोरलीचं कोकरू शोधा. कानाला काळा डाग. ते उचला. खांद्यावर नको, खाली धरा, गुडघ्याशी, थोरलीला नाकाशी वास आला पाहिजे. तिच्या पुढं चाला. मागं वळून बघू नका. पुढारी मागं बघत नसतो.

भाऊंनी कोकरू धरलं. कोकरू ओरडलं. ढिगातून थोरलीचं डोकं वर आलं. ती बाहेर निघाली, तिच्या मागं दुसरी. भाऊ वाकून, कोकरू गुडघ्याशी धरून, जाळीपर्यंत आले. थोरली जाळीशी थांबली. तिच्या मागं सगळा कळप थांबला.

"थांबली," मी फोनमध्ये सांगितलं.

"मंग ह्यांना म्हनावं उडी मारा."

"कुसाबाई, अडुसष्ट वय आहे त्यांचं."

"त्यांनी चालत वलांडली तर ती चालायला जाईल आन् पाय अडकवील. उडी मारली तर उडी मारील. सांग."

मी सांगितलं. धोंडीरामभाऊंनी एकदा जाळीकडे बघितलं, एकदा आपल्या गुडघ्यांकडे. मग बनियनवरच्या त्या युनियनच्या माणसानं कोकरू छातीशी धरून उडी मारली. पडले, पण पलीकडे पडले. थोरलीनं उडी मारली. तिच्या मागं सगळ्या, एक, एक, एक. मधेच वॉचमननं जाळीवर फळी टाकली, तर नंतरच्या सगळ्या फळीवरूनही उडी मारूनच गेल्या. घोटीच्या शेळीनं सगळ्यात उंच मारली. लोक मोबाईल काढून शूटिंग करत होते. अकरा वाजले होते.

पांढऱ्या गाडीमागं एक कोकरू राहिलं. भाऊंनी त्याच्या नाकात फुंकलं, पोट चोळलं. मग बनियन काढून त्यात गुंडाळलं.

"सगळी सुटली का?" फोनमधून आवाज आला.

मी भाऊंकडे बघितलं. त्यांना प्रश्न ऐकू आला नव्हता, पण त्यांनी ओळखला. "सगळी सुटली म्हना," ते म्हणाले. मी म्हटलं.

साडेबाराला स्नेहलनं फोटो पाठवला. डाळिंबी साडी, मांडीवर ते मूठभर पोर, आणि कुसाबाईचे हात. त्या फोटोत तिला हात कुठं ठेवायचे ते कळलं होतं. मुलीचं नाव चैताली ठेवलं.

सोमवारी सकाळी पहिल्या गाडीनं ती परत आली. पिशवी उंबऱ्यात ठेवून सरळ वाडग्यात गेली. मोजायची तिला गरज पडत नाही, नुसतं बघते. बघितलं, आणि भाऊंकडे वळली. भाऊ पत्र्याकडे बघत होते. तिनं फाटक उघडलं, पुढं झाली आणि 'हुर्र' केलं. मेंढरं तिच्या मागं निघाली, जणू मधे काही झालंच नव्हतं.

संध्याकाळी कळप आत घेत होती तेव्हा सेक्रेटरी आले. हातात कागद, वीस-पंचवीस सह्या. मी कुंपणाला टेकून उभी होते, विरजणाची वाटी हातात घेऊन. सेक्रेटरी रागावलेले होते, पण शिकलेला माणूस, त्यामुळे चांगल्या भाषेत बोलले.

"हे बघा बाई, मला भांडायचं नाही. पण काल तुमच्या जनावरांमुळे आमची बावीस कुटुंबं अडकून पडली. कुठं जाता येईना. ज्यांचे कार्यक्रम ठरले होते त्यांचे बुडाले. दोन तास! माणसाला असं जागच्या जागी अडकवून ठेवलं की त्याला काय होतं, याची तुम्हाला काही कल्पना आहे का?"

कुसाबाईनं फाटकाची कडी लावली, हात पदराला पुसले आणि त्यांच्याकडे बघितलं.

"दोनच तास ना, साहेब?"